हार्ड डिस्कमधला डेटा वारंवार उडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

भिवंडी : यंत्रमाग कारखान्यातला मेहता असो, सेवा केंद्र चालवणारा पोरगा असो, लग्नाचं शूटिंग करणारा फोटोवाला असो की बचत गटाचा हिशेब लिहिणारी ताई, एक तक्रार सगळीकडे ऐकायला मिळते. "काल एंट्री केली होती, आज नाही." दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारतो, विंडोज नव्याने टाकून देतो, पैसे घेऊन जातो. पंधरा दिवस बरे जातात. मग पुन्हा तेच.

भातशेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खाचरात पाणी टिकत नसेल तर आपण नुसतं पाणी सोडत बसत नाही. बांधावरून फिरतो, खेकड्याने कुठे बीळ पाडलंय ते शोधतो, ते बुजवतो आणि मग पाणी घेतो. डेटा उडणाऱ्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे. फॉरमॅट म्हणजे खाचरात नवं पाणी. बीळ तसंच राहिलं तर तेही जाणार.

हे बीळ साधारण पाच ठिकाणी असतं : खुद्द डिस्कमध्ये, डिस्कच्या वायरीत, विजेत, विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा व्हायरसमध्ये. यातली दोन-तीन कारणं शे-दोनशे रुपयांत मिटतात. पण कारण न शोधता नवी डिस्क घेतली तर पैसेही जातात आणि डेटाही.

पहिलं काम : आधी कॉपी, मग तपासणी

डेटा जातोय असा संशय आला की सगळ्यात आधी त्या डिस्कवर नवीन काही साठवणं बंद करा. गेलेली फाइल बऱ्याचदा लगेच पुसली जात नाही, फक्त तिची नोंद जाते. रजिस्टरमधलं नाव खोडलं तरी गोठ्यात म्हैस उभी असते, तसं. पण त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली गेली की जुनी कायमची गेली.

जे दिसतंय, उघडतंय, ते ताबडतोब दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. आधी ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते घ्या : हिशेब, उधारीची यादी, स्कॅन केलेले कागद, घरचे फोटो. पिक्चर आणि गाणी शेवटी.

डिस्कमधून टक-टक, खर्र-खर्र असा आवाज येत असेल तर कॉपीही करू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि वायर काढा. अशी डिस्क जितकी चालू ठेवाल तितका आतला डेटा घासून जातो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आत नेमकं काय असतं?

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत गोल चकत्या असतात. डेस्कटॉपच्या बऱ्याच डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. चकतीची कड त्या वेळी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळत असते. वाचणारा-लिहिणारा दांडा, ज्याला हेड म्हणतात, तो चकतीला टेकत नाही. हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतो. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतर किती कमी आहे ते समजून घ्या. डबी उघडली आणि धुळीचा कण आत गेला तर त्या हेडसाठी तो रस्त्यात आडवा पडलेला धोंडाच. म्हणून डिस्कचे स्क्रू घरी कधीही उघडू नयेत.

हलली, आपटली तरी तिला त्रास होतो. २००८ च्या अखेरीला सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत काम करणाऱ्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने चालू डिस्कसमोर जोरात ओरडून दाखवलं होतं. नुसत्या आवाजाच्या थरथरीने डिस्कचं काम मंदावलं आणि ते पडद्यावरच्या आलेखात दिसलं. आपल्याकडे तर मागाच्या शेडमध्येच, पत्र्याच्या टेबलावर, कॉम्प्युटर ठेवलेले असतात. दिवसभर खटखट चालू. शिवाय कापसाचे तंतू पंख्यात अडकतात, मशीन तापतं. कॉम्प्युटर शेडच्या बाहेर, वेगळ्या खोलीत ठेवता आला तर उत्तमच. नाहीतर निदान भिंतीत पक्क्या केलेल्या कडप्प्यावर ठेवा आणि खाली जाड रबर घाला.

नव्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे थरथरीची भीती नाही. पण विजेच्या झटक्याने तीही जाते आणि जाताना आवाज करून सांगत नाही. एका क्षणी सगळंच बंद.

डेटा कसा जातो, त्यावरून कारण कळतं

"डेटा उडाला" एवढंच सांगून भागत नाही. कधी गेला, काय गेलं, काय राहिलं, हे बघावं लागतं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की कालचं सगळं गायब, आणि डेस्कटॉप नव्यासारखा कोरा : इथे डिस्क बहुतेक चांगली असते. विंडोजला तुमचं खातं नीट उघडता आलं नाही की ती तात्पुरतं खातं उघडून देते. कोपऱ्यात तसा इंग्रजी निरोपही येतो, पण आपण तो वाचत नाही. त्या तात्पुरत्या खात्यात केलेलं काम कॉम्प्युटर बंद करताना पुसलं जातं. जुना डेटा मात्र सी ड्राइव्हच्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली तसाच असतो. आधी तो कॉपी करून घ्या, खातं नंतर दुरुस्त करा. इथे फॉरमॅट मारणं म्हणजे जिवंत डेटा स्वतःच्या हाताने पुसणं.

सायबर कॅफे किंवा कॉम्प्युटर क्लासमधून जुना कॉम्प्युटर घेतला आणि रोज सकाळी तो पहिल्यासारखाच होतो : घड्याळाशेजारी पांढऱ्या अस्वलाचं छोटं चित्र दिसतंय का बघा. ते 'डीप फ्रीझ' नावाचं सॉफ्टवेअर. पोरांनी काहीही बिघडवलं तरी मशीन चालू करताच पूर्ववत व्हावं, यासाठी ते टाकतात. त्याचं काम ते बरोबर करतंय, फक्त आता ते तुम्हाला नको आहे. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याच्याकडून पासवर्ड घेऊन ते काढायला लावा.

फक्त डाउनलोड फोल्डरमधलं किंवा रिसायकल बिनमधलं जातं : विंडोजच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज सेन्स' बघा. जागा मोकळी करण्यासाठी ठरावीक दिवसांनी जुन्या फायली काढण्याची सोय त्यात असते. डाउनलोडमधल्या फायली काढण्याचा पर्याय कुणी चालू केला असेल तर महिन्याभराने त्याही जातात. कामाचे कागद डाउनलोडमध्ये ठेवूच नयेत, वेगळं फोल्डर करावं.

टॅली उघडली आणि कंपनीचं नावच नाही : घाबरू नका. टॅली कुठल्या फोल्डरमधून डेटा उचलते त्याचा पत्ता बदललेला असू शकतो. विंडोज नव्याने टाकल्यावर असं हमखास होतं. जुनं डेटा फोल्डर शोधा, पत्ता बरोबर द्या, कंपनी परत दिसते.

पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डर शॉर्टकट झाली, वर बाण दिसतो : हा व्हायरस. तो खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट समोर ठेवतो. त्यावर क्लिक केलं की तो त्या कॉम्प्युटरमध्येही घुसतो. क्लिक करू नका. अँटिव्हायरसने साफ करा आणि लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा. डेटा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह घरच्या मशीनला लावताना एवढी काळजी घ्याच.

सगळ्या फायलींच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागली आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली : हा खंडणीवाला व्हायरस, रॅन्समवेअर. नेटची वायर आणि जोडलेल्या बाहेरच्या डिस्क त्या क्षणी काढा. पैसे भरले तरी फायली सुटतील याची हमी नसते. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते.

तारीख मागे जाते, सरकारी वेबसाइट उघडत नाहीत, आजची फाइल यादीत तळाशी जाऊन बसते : मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की कॉम्प्युटर स्वतःची सेटिंग विसरतो, कधी कधी डिस्कच सापडत नाही म्हणतो. लोक डिस्क बदलतात आणि दोष सेलचा असतो.

डिस्क मधूनच दिसेनाशी होते, हलवलं की परत येते : वायर. डिस्कला दोन वायरी असतात, एक डेटाची आणि एक विजेची. डेटाची केबल जुनी झाली, सैल झाली, उंदराने कुरतडली की फायली अर्धवट लिहिल्या जातात. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, दोन्ही वायरी काढून परत घट्ट बसवा. तरी फरक पडला नाही तर नवी केबल घाला. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर ती डब्याच्या मागच्या बाजूला थेट लावा. पुढच्या पोर्टला किंवा लांब एक्स्टेन्शनला कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही.

कॉपी केलेल्या फायली उघडत नाहीत, फोटो अर्धा करडा येतो, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी चूक : रॅम तपासा. विंडोजमध्येच रॅम तपासायची सोय आहे, ती रात्री लावून ठेवा. रॅम खराब असेल तर चांगल्या डिस्कवरही बिघडलेलाच डेटा जाऊन बसतो.

बाजारातून अगदी स्वस्तात मोठ्या क्षमतेची पेन ड्राइव्ह किंवा डिस्क घेतली, सुरुवातीच्या फायली ठीक आणि नंतरच्या सगळ्या खराब : वस्तू नकली आहे. आत छोटी चिप घालून कॉम्प्युटरला खोटी मोठी क्षमता दाखवायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं हवेत. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतं. नवी वस्तू घेतल्यावर डेटा टाकण्याआधीच ही चाचणी करा.

वहीत लिहा, कारण सापडतं

वाडा रस्त्यावरच्या एका गावातल्या सेवा केंद्राची ही गोष्ट. तीनदा फॉरमॅट झाला, एकदा नवी डिस्कही आली, तरी आठवड्यातून एखादी फाइल खराब व्हायचीच. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याच्या पावत्या यांची अडचण नव्हती. त्या सरकारी सर्व्हरवर असतात, पोर्टलवरून पुन्हा काढता येतात. जायचं ते केंद्राचं स्वतःचं : उधारीची यादी, लोकांनी स्कॅन करून ठेवायला दिलेले कागद, अर्धवट भरलेले अर्ज. शाळा-कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत एकाच माणसाला आडगावातून पुन्हा कागद घेऊन बोलवायचं म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो.

शेवटी त्या पोराने वही घातली. फाइल खराब झाली की तारीख, वेळ, लाइट गेली होती का, त्या वेळी दुसरं काय चालू होतं, एवढं लिहायचं. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. प्रत्येक वेळ दुपारची, आणि प्रत्येक वेळी झेरॉक्सचं मोठं काम चालू. झेरॉक्स मशीन आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते. झेरॉक्स आणि लेसर प्रिंटरमध्ये शाई कागदावर वितळवायला हिटर असतो. तो सुरू होताना बराच करंट ओढतो. बोर्ड जुना, वायर बारीक, व्होल्टेज क्षणभर पडायचं. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे तो नुसता डबा होता. कॉम्प्युटर बंद पडून लगेच चालू व्हायचा, कुणाच्या लक्षातही येत नसे.

झेरॉक्सला भिंतीतला वेगळा प्लग दिला, यूपीएसची बॅटरी बदलली. त्यानंतर तक्रार नाही. बदलून टाकलेली पहिली डिस्क मुळात चांगली होती. आणि ती गावातल्या शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या स्कॅनसकट दुरुस्तीच्या दुकानात राहिली, ही गोष्ट वेगळीच.

आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण : वीज

फाइल सेव्ह केली की ती लगेच चकतीवर जाते असं नाही. वेग वाढावा म्हणून कॉम्प्युटर ती थोडा वेळ मेमरीत ठेवतो आणि सवडीने लिहितो. मधल्या क्षणात लाइट गेली की लिहिणं अर्धवट राहतं. विंडोजची नेहमीची एनटीएफएस पद्धत फोल्डरांची मांडणी वाचवण्यासाठी स्वतःची टिपणवही ठेवते, पण फाइलच्या आतला मजकूर वाचेलच असं नाही. पेन ड्राइव्हवर बहुतेक वेळा एफएटी ३२ किंवा एक्सफॅट पद्धत असते. तिच्यात अशी टिपणवही नसते. म्हणून पेन ड्राइव्ह न सांगता खेचून काढला की फोल्डरच्या जागी कचरा दिसतो.

भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून वीज देते, शहापूर-मुरबाडकडे महावितरण. वीज कुणाचीही असो, ती गेल्यावर फाइल वाचवणं आपल्याच हातात आहे. एकाच लाइनवर मागांच्या मोटरी असतील तर त्या सुरू होताना व्होल्टेज दबतं. पावसाळ्यात विजा कडाडतात. यासाठी चार गोष्टी करा.

यूपीएस लावा आणि महिन्यातून एकदा तपासा. काम सेव्ह करून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि मशीन पाच मिनिटं तग धरतं का बघा. धरत नसेल तर बॅटरी बदला. सर्वसाधारण वापरात ती दोन-तीन वर्षांत कमकुवत होते.

झेरॉक्स, लेसर प्रिंटर, पाण्याची मोटर, इस्त्री या वस्तू कॉम्प्युटरच्या बोर्डवर किंवा यूपीएसवर लावू नका.

अर्थिंग खरं आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनच्या मागे वायरच नसते.

विजा चमकायला लागल्या की कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. नेटची वायरही काढा, कारण झटका तिथूनही येतो.

डिस्कची तब्येत कशी बघायची?

प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण रंगावर थांबू नका. डाव्या बाजूला क्रमांक असतात, त्यातले चार बघा.

०५ : खराब झालेल्या जागा सोडून डिस्कने राखीव जागा किती वापरली. सी५ : ज्या जागा वाचताना अडचण येते आणि ज्यांचा निर्णय अजून झालेला नाही. सी६ : ज्या जागा वाचताच येत नाहीत. सी७ : वायरीतून जाताना डेटा कितीदा बिघडला.

सी७ चा आकडा वाढतोय आणि बाकीचे तीन शून्य असतील तर डिस्क नाही, केबल बदला. हा आकडा एकदा चढला की उतरत नाही. म्हणून आज लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढला का बघा. ०५, सी५ किंवा सी६ मध्ये शून्याच्या वर काही असेल आणि ते वाढत असेल तर त्या डिस्कवरचा विश्वास संपला. तिच्यावर पुन्हा विंडोज टाकण्यात अर्थ नाही.

गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिला खराब भाग सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, असा दोष नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. म्हणजे पहिला इशारा आला की दोन महिनेही थांबू नका. त्याच अभ्यासात असंही दिसलं की बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये अशा मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही आधी आला नव्हता. निळा रंग दिसला म्हणून कॉपी ठेवायची नाही, असं चालणार नाही.

चेकडिस्क आणि फॉरमॅट कधी?

ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. ही तपासणी फोल्डरांच्या मांडणीतल्या चुका दुरुस्त करते. लाइट गेल्यामुळे गडबड झाली असेल तर उपयोगी पडते. पण ती दुरुस्ती डिस्कवर लिहून करते. आजारी डिस्कवर, कॉपी घेण्याआधी चालवली तर वाचू शकणाऱ्या फायलींचे तुकडे होतात. त्यामुळे क्रम असा ठेवा : कॉपी, मग स्मार्टचे आकडे, ते ठीक असतील तरच चेकडिस्क.

फॉरमॅटने व्हायरस जातो, विंडोज सुधारते. सैल वायर घट्ट होत नाही, मेलेली बॅटरी जिवंत होत नाही आणि चकतीवरचा ओरखडा बुजत नाही. दुरुस्तीवाल्याला फॉरमॅटआधी एकच प्रश्न विचारा, "दोष कशात सापडला?" उत्तर मिळालं नाही तर आधी कॉपी मागा.

गेलेला डेटा परत येतो का?

चुकून डिलीट झालेला किंवा फॉरमॅट झालेला डेटा, डिस्क फिरणारी असेल आणि वर नवीन काही लिहिलं नसेल तर बऱ्याचदा परत येतो. 'रेकुव्हा', 'टेस्टडिस्क', 'फोटोरेक' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. दोन नियम पाळा. सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका आणि सापडलेल्या फायलीही त्याच डिस्कवर ठेवू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणं सर्वात चांगलं.

एसएसडीमध्ये ही आशा कमी. डिलीट केलेली जागा विंडोज तिला लगेच कळवते आणि ती स्वतःच ती जागा साफ करते.

टक-टक करणारी, पडलेली किंवा पुरात भिजलेली डिस्क घरी चालू करून बघू नये. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांना आठवत असेल. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका. आत चिखलाचा थर वाळून चिकटतो आणि मग काढणं अवघड होतं. तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या ठिकाणी न्या. तपासणीचे पैसे किती, डेटा नाही मिळाला तर किती, हे आधी लेखी घ्या. खर्च हजारांत जातो, त्यामुळे डेटाची किंमत आधी ठरवा. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतला डेटा नाही, हेही ध्यानात असू द्या.

जुनी डिस्क घेताना आणि देताना

जुन्या बाजारातून डिस्क घेणार असाल तर ती किती तास चालली तो आकडा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. वर्षाला ८,७६० तास होतात, त्यावरून हिशेब करा. मात्र हा आकडा पुसून शून्य करता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. पक्कं बिल आणि कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबरने वॉरंटी तपासणं, हे दोन्ही करा.

देतानाही तेवढंच सावध राहा. साधा फॉरमॅट मारलेल्या डिस्कमधून लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुक परत काढता येतात. लोकांचे कागद सांभाळणाऱ्या केंद्रांनी जुनी फिरणारी डिस्क देण्याआधी पूर्ण फॉरमॅट करावी, म्हणजे 'क्विक' वरची खूण काढून. बंद पडलेली डिस्क असेल तर तिला हातोड्याने निकामी करावं.

तीन प्रती, एक गावाबाहेर

जगभर एक साधा नियम मानतात : ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे तो असा बसतो. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची, कारण कायम लावून ठेवली तर व्हायरस आणि विजेचा झटका दोघेही तिच्यापर्यंत पोचतात. तिसरी इंटरनेटवर. गूगलच्या खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते, हिशेबाच्या फायलींना ती पुरून उरते. फोटोवाल्यांना ती पुरणार नाही, त्यांनी दुसरी डिस्क नातेवाइकाच्या घरी ठेवावी. गिऱ्हाइकाला अल्बम पोचेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नये.

नुसती कॉपी घेऊन भागत नाही. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बचत गटाच्या ताईंनी महिन्याच्या बैठकीआधी हिशेबाचं एक पान छापून फायलीला लावलं तरी मोठं काम होतं. कागदाला वीज लागत नाही.

२०११ पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी मार्च एंडिंग असतं, लक्षात ठेवायला सोपं. पण भिवंडीत पावसाळा जूनमध्ये लागतो. भाताच्या पेरणीआधी बांध बघून घेतो, तसं त्याच आठवड्यात यूपीएसची बॅटरी, अर्थिंग आणि डिस्कचे ते चार आकडे बघून घ्या. सगळं मिळून तासाभराचं काम आहे.